मागे घेतलेला हात

नमस्कार बाई,

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. पाच वाड्या आणि एक मोहल्ला. मिस्टर फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, कारगिलच्या वेळी ते वरती होते. आता कलमं सांभाळतात. मुलगा बारावीला आहे, आमच्या वाडीच्या क्रिकेट टीमचा कप्तान.

जानेवारीत गावात टेनिस बॉलच्या स्पर्धा झाल्या. सेमीफायनल मोहल्ल्याच्या टीमशी होती, ती आमची टीम जिंकली. त्यांची मुलं रीतीप्रमाणे हात मिळवायला रांगेत आली, तर माझा मुलगा टीमला घेऊन, त्यांच्याकडे न बघता सरळ मंडपाकडे चालायला लागला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो सगळीकडे फिरला. मुंबईहून दीरांचा फोन आला, ‘शाब्बास, वाघ आहेस.’ मोहल्ल्याच्या टीमचा कप्तान आणि माझा मुलगा एकाच खाडीत पोहायला शिकलेत. त्याची आई माझी पंधरा वर्षांची मैत्रीण. ती अजून कालवं पाठवते, पण धाकट्या मुलीच्या हाती. स्वतः येत नाही.

मुलाला विचारलं तर म्हणतो, ‘देशाच्या टीमनं केलं तेच मी केलं. देश पहिला, हे तुम्हीच शिकवलंत ना?’ मिस्टर त्या दिवशी मंडपात होते. घरी आले, गुरांना वैरण घातली, आणि आजपर्यंत त्यावर एक शब्द बोललेले नाहीत. सासूबाई म्हणतात, पोरांचं पोरं बघतील. शिमगा जवळ आलाय. आमची पालखी मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबते, तिथली जाणती माणसं नारळ देतात. तेव्हा मी कुठल्या तोंडानं उभी राहू? मुलाचं देशावरचं प्रेम मला मोडायचं नाही, पण जे झालं ते पटतही नाही. माझंच काही चुकतंय का?

— एक आई

वहिनी,

तुमचं काही चुकत नाही. पण तुमच्या मुलाचा प्रश्नही उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात सहा जण आपल्या महाराष्ट्राचे: डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. डोंबिवली-पनवेल म्हणजे काही परमुलूख नव्हे. आपल्या दर दोन घरांमागे एकाचं कुणी ना कुणी तिथे राहतं. तो राग तुमच्या मुलाच्या मनात असेल तर तो खरा आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाला तसा राग येत नसता तर मला जास्त काळजी वाटली असती. पुढे १४ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाची मॅच झाली. आपल्या संघानं पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवले नाहीत, आणि कप्तानानं तो विजय सैन्याला अर्पण केला. मुलानं हे सगळं टीव्हीवर पाहिलं. संघानं केलं ते बरोबर की चूक, यावर घरात जरूर वाद घाला. मला विचाराल तर खेळायचं नसेल तर खेळू नये, आणि खेळलो तर शेवटी हात द्यावा. पण माझ्याशी न पटणारी पुष्कळ शहाणी माणसं आहेत, आणि तो तुमच्या पत्राचा विषयही नाही.

दुबईत समोर दुसऱ्या देशाचा संघ होता. तुमच्या मैदानावर समोर कोण होतं? ज्यांची घरपट्टी तुमच्याच ग्रामपंचायतीत भरली जाते, ज्यांची एसटी तुमचीच, ज्यांच्या विहिरी तुमच्यासारख्याच मे महिन्यात तळ गाठतात, ती मुलं. मुलाला एवढंच विचारा: ‘देशाच्या टीमनं केलं तेच तू केलंस म्हणतोस, मग समोरचा देश कुठला होता?’ विचारून गप्प बसा. उत्तर तुम्ही देऊ नका. त्यानं चिडून काही म्हटलं तरी वाद वाढवू नका. हा प्रश्न रात्री पडल्या-पडल्या त्याला आपोआप आठवेल.

देशाचं नाव घेऊन त्यानं आपल्याच देशातल्या मुलांना परकं केलं. हे त्यानं मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. टीव्हीवरची मोठ्या माणसांची एक कृती उचलली आणि गावच्या मैदानावर आणून ठेवली, बस. पण ज्याच्याकडे पाठ फिरवली त्या मुलाला ती नक्कल वाटली नसणार. त्याला वाटलं असेल, आजवर मी या गावचा होतो, आज नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगते.

मी दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. आठवीत शाळेच्या कबड्डीच्या संघात होते. कबड्डीत पकड करायची तर शेजारच्या खेळाडूचा हात धरून साखळी करावी लागते, हे तुम्ही पाहिलं असेल. माझ्या शेजारी जी मुलगी असायची तिचा हात मी धरत नसे. पोलक्याची बाही धरायची. घरात कुणी मला शब्दांनी तसं शिकवलं नव्हतं. पण ती अंगणात पाणी प्यायला आली की आजी तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, ते मी लहानपणापासून बघत होते. तालुक्याच्या मॅचला समोरची चढाई करणारी मुलगी नेमकी आमच्या दोघींच्या मधून गेली. बाही सुटली. आम्ही हरलो.

आमच्या खेळाच्या बाई मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांनी बाकीच्या पाच जणींना बसवलं, आम्हा दोघींनाच मैदानात उभं केलं, पदर खोचला आणि स्वतः चढाई करायला लागल्या. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी आमच्या मधून जायच्या. तासाच्या शेवटी एकदा त्या जाऊ शकल्या नाहीत. तिचा तळवा माझ्या तळव्यात होता. तो कधी धरला, ते मला कळलं नव्हतं.

पण तिची माफी मागायला मला चाळीस वर्षं लागली. शाळेच्या मेळाव्याला भेटली, तेव्हा मी चाचरत विषय काढला. मला वाटत होतं ती विसरली असेल. ती म्हणाली, ‘मला ती बाही आठवते.’ बस, एवढंच. त्यानंतर आम्ही दोघी जेवायला शेजारी बसलो, पण मधली चाळीस वर्षं काही परत आली नाहीत. हे तुमच्या मुलाला सांगितलंत तरी चालेल. बाई म्हणतात, चाळीस वर्षं लावू नकोस.

ही रीत जुनी आहे, वहिनी. पालवणकर बाळू हे नाव मुलाच्या कानावर आहे का विचारा. ते आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. वडील फौजेत, म्हणजे तुमच्या मुलासारखाच सैनिकाचा मुलगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता तो गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. पण तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला, म्हणून त्याच्याच संघातले लोक मैदानावर त्याच्या हातचा चेंडू झेलायचे आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. त्याला कप्तानपद कधीच मिळालं नाही. त्या काळात मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत संघच धर्मावर होते: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन. पुढे १९२३ साली बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कप्तान झाला, म्हणजे एका भावाला नाकारलेलं दुसऱ्याच्या पदरात पडलं. धर्मावरची ती स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली. आपल्या आजे-पणज्यांनी त्या वाटेनं चालून पाहिलंय. आपल्या मुलांनी पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करायची गरज नाही.

आता एक गोष्ट करू नका, असं मी कळकळीनं सांगते. मुलाला पटवायला मोहल्ल्याच्या बाजूनं पुराव्यांची यादी मांडू नका. अमका मुसलमान सैनिक शहीद झाला, तमक्यानं देशासाठी पदक आणलं, असं सांगण्याचा मोह होतो, आणि ते खरंही असतं. पण त्यातून मुलगा एवढंच शिकेल की त्यांना हात द्यायचा तर आधी त्यांनी परीक्षा पास व्हायला हवी. तुमच्या मुलानं कधी कुणाला असा दाखला दिला होता? त्याच्या मित्रानंही देऊ नये. चिपळूणजवळच्या कालुस्त्यात जन्मलेले गुलाम परकार १९८२ साली लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले, हे त्याला अवश्य सांगा. पण आपल्या खाडीकाठचा एक मुलगा कुठवर पोचला, म्हणून सांगा. क्रिकेटचं वेड असलेल्या मुलाला ते माहीत असायलाच हवं.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्यांचं गप्प बसणं. त्यांना पटलंय म्हणून ते बोलत नाहीत, अशी भीती तुमच्या पत्राच्या ओळींमधून दिसते. मला तसं वाटत नाही. वाघ-शाब्बास म्हणायला त्यांना कुणी अडवलं होतं? ते गुरांकडे गेले.

त्यांना बोलतं करा. मंडळी जमलेली असताना नको, सासूबाईंसमोर नको. कलमांचा मोहोर बघायला जातील तेव्हा बरोबर जा आणि सरळ विचारा, ‘तुम्ही वर होतात तेव्हा हे असं होतं का?’ फौजेत सर्वधर्मस्थळ असतं, एकाच छपराखाली सगळ्यांची प्रार्थना होते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. आणि १९९९ हे साल त्यांना विसरायला सांगूनही विसरता येणार नाही. त्याच वर्षी ३१ जानेवारीला चेन्नईत पाकिस्ताननं आपल्याला १२ धावांनी हरवलं. सचिननं १३६ केले तरीही. आणि आख्खं स्टेडियम उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवत राहिलं, त्या संघानं मैदानाला फेरी मारली. चार महिन्यांत कारगिल पेटलं. टाळ्या वाजवणारे चुकले होते, असं आजही मला वाटत नाही. खेळाच्या मैदानावर त्यांनी जे पाहिलं त्याला दाद दिली, आणि सैन्यानं डोंगरावर जे करायचं ते केलं. ती दोन वेगळी कामं होती.

डोंगरावरचीही एक गोष्ट मिस्टरांना बहुधा माहीत असेल. टायगर हिलवर पाकिस्तानचा एक कॅप्टन लढताना मारला गेला. कर्नल शेर खान हे त्याचं नाव, हुद्दा कॅप्टनचाच. त्याचा मृतदेह परत करताना आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली, की हा फार शौर्यानं लढला, याची दखल घ्या. पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर हा त्यांचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार दिला. ज्यांच्या जवानांचं रक्त त्या कड्यावर सांडलं होतं, त्यांनी समोरच्याला हे दिलं. ही गोष्ट मी सांगितली तर मुलगा म्हणेल, बाईंना काय कळतं युद्धातलं. त्याच्या बाबांनी सांगितली तर तो मान वर करून ऐकेल. या घरात देशावर बोलायचा सगळ्यात मोठा अधिकार त्या माणसाचा आहे, आणि मुलगा गेला महिनाभर त्यांच्या तोंडाकडे बघत असणार. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तो होकार असाच लावतोय. बाबा बोलले नाहीत तर मुंबईच्या काकांचा आवाजच तेवढा घुमत राहील.

आणि तुम्ही आई आहात, म्हणून आणखी एका आईची आठवण करून देते. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक नेलं, आपल्या नीरज चोप्राला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं. नीरजच्या आई सरोज देवी म्हणाल्या, सोनं ज्याला मिळालं तोही आमचाच मुलगा. नीरज स्वतः फौजी आहे. पुढे पहलगामनंतर लोकांनी त्यालाही शिव्या दिल्या, कारण नीरजच्याच बंगळुरूच्या स्पर्धेचं अर्शदला निमंत्रण गेलं होतं, आणि तेही हल्ल्याच्या आधी. आदल्या वर्षी ज्यांनी त्या माऊलीचं कौतुक केलं, तेच तिच्या त्याच वाक्यावरून तिला बोलायला लागले, असं नीरजनं दुखावून लिहिलं होतं. हे अशासाठी सांगते, की तुम्ही मैत्रिणीकडे गेलात तर तुम्हालाही दोन शब्द ऐकावे लागतील. घरातूनसुद्धा. त्याची तयारी ठेवा, आणि तरी जा.

कधी? याच आठवड्यात. मुलाची वाट बघत थांबू नका. त्याच्या वतीनं माफी मागू नका, ती त्याची त्यालाच मागू दे. तुम्ही फक्त म्हणा, ‘मी तिथे नव्हते, पण ऐकलं आणि मला फार लागलं.’ आपल्याकडे बायकांच्या मैत्रीत काही बिनसलं तर वाटी-डबा जात-येत राहतो आणि माणसं येणं थांबतात. तिनं कालवं पाठवणं बंद केलेलं नाही, म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही.

मुलानं जायचं ते त्याच्या त्यानं. बरोबर कुणी नको, मोबाईल तर मुळीच नको. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला म्हणून माफीचाही व्हिडिओ काढायचा, असली सूचना कुणी केली तर हाणून पाडा. तो चारचौघांत हात मागे घेऊन आला, पण ते भरून काढायला दोघांनी जेट्टीवर अर्धा तास बसणं पुरेल. एक गोष्ट मात्र त्यानं उघडपणे करायला हवी. काकांना स्वतः फोन करून सांगायला हवं, की शाब्बास म्हणण्यासारखं ते नव्हतं. मित्राकडे जाण्यापेक्षा हे त्याला जड जाईल. जाऊ दे. कप्तान आहे ना तो.

नाहीच ऐकलं तर? तर जबरदस्ती करू नका. पालखीपुढे त्याला ढकलून ‘मिळव हात’ म्हणू नका. सगळ्यांदेखत जबरीनं दिलेला हात ती दोन्ही मुलं आयुष्यभर विसरणार नाहीत, आणि पालखी त्यासाठी नसते. तुम्ही मात्र तिथे उभ्या राहा, मैत्रिणीच्या शेजारी. त्याला दिसेल.

आणि मला गावातल्या मोठ्यांशीही भांडायचंय. मंडपात पंच होते, मंडळाचे पदाधिकारी होते, माईकवर कॉमेंट्री करणारा होता. सतरा-अठरा वर्षांची मुलं समोरच्यांना तसंच उभं सोडून मंडपाकडे चालत आली आणि मंडपातलं एकही माणूस उठून म्हणालं नाही, ‘पोरांनो, मागे फिरा.’ त्या एका हाकेनं सगळं तिथेच मिटलं असतं. सासूबाईंना हेच सांगा. पोरांचं पोरं बघतील म्हणता, पण पोरं तर मंडपाकडेच बघत होती. मिस्टरांचं मंडळात वजन असेल. त्यांनी पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडाव्यात. मॅच संपल्यावर हात मिळवल्याशिवाय निकाल जाहीर करायचा नाही. आणि स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी एक मॅच अशी ठेवायची, की सगळ्या वाड्यांची आणि मोहल्ल्याची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, चिठ्ठ्या उचलून दोन संघ पाडायचे आणि खेळायचं. चषक नको, बक्षीस नको, वडापाव पुरे. ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच्याच फेकीवर धाव घ्यायची वेळ आली की मुलं एकमेकांना हाका मारायला लागतात. आमच्या बाईंनी आम्हाला दोघींना मैदानात उभं केलं होतं, ते याच कारणानं. भाषण दिलं असतं तर मी मान हलवून घरी गेले असते आणि बाहीच धरत राहिले असते.

मैत्रिणीकडे जाल तेव्हा दुपारची वेळ बघा, घरातली कामं आटोपलेली असतात. ती कालवं साफ करत बसलेली असेल तर तुम्हीही एक पाट ओढून घ्या. कालवं हातात असली की माणसाला एकमेकांकडे बघत बोलावं लागत नाही, आणि अशा वेळी बोलणं निघतं. निघालं नाही, तर त्या दिवशी नुसती कालवं साफ करून या.

तुमची,
बाई